दिवाडीची इगर्ज सायकलने: मार्ग, वेळ आणि आत काय बघायचं

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: "डिसेंबरात चार दिवस गोव्यात आहोत. मी, नवरा आणि चौदा वर्षांची मुलगी. तिघांनाही हायब्रीड सायकल चालवायची सवय आहे, आठवड्याला चाळीसेक किलोमीटर होतात. जुन्या गोव्यातली मोठी चर्चेस आधी बघून झाली आहेत, तिथली गर्दी आता नको. एखाद्या गावातलं जुनं चर्च सायकलने जाऊन नीट बघायचं आहे. कुठलं निवडावं, कसं जावं, कपड्यांचे किंवा इतर काही नियम असतात का?"

ताई, माझं उत्तर एकच आहे: दिवाडी बेटावरची पिएदादची इगर्ज. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा, रस्ता विचारताना माणसं जास्त खुलतात. मी इथे बरीच वर्षं लोकांना सायकलवर हिंडवतो आणि पहिल्यांदा येणाऱ्याला हेच सुचवतो. इगर्ज सुंदर आहे हे खरंच, पण तसं म्हटलं तर तिसवाडीत, म्हणजे पणजी-जुन्या गोव्याच्या या तालुक्यात, सुंदर इगर्जींचा तोटा नाही. दिवाडीचं वेगळेपण असं की तिथे जायला नदी ओलांडावी लागते, बेटावर गाड्या कमी असतात आणि ज्या टेकडीवर इगर्ज उभी आहे तिचा इतिहास समजून घ्यायला आणखी एकदा नदी ओलांडून पलीकडच्या नार्व्याच्या देवळापर्यंत जावं लागतं. हे सगळं मिळून जाऊन-येऊन साधारण 35 किलोमीटर. तुमच्या मुलीला सहज जमेल.

पणजीहून निघा. रायबंदरपर्यंतचा जो सरळ, बुटका, पाण्यालगतचा रस्ता आहे तो 1633-34 मध्ये लिन्यारिशच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने बांधून घेतला. लांबी तीन किलोमीटरच्या थोडी वर. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरांची सपाटी. रस्ता अरुंद आहे आणि बसवाले घाईत असतात, म्हणून सकाळी उजाडताच इथून पार व्हा. डिसेंबरात सातच्या आसपास चांगलं दिसायला लागतं. मागचा लाल दिवा चालू ठेवा. साडेआठनंतर हा पट्टा मला आवडत नाही, मुलं बरोबर असली तर मुळीच नाही.

रायबंदर सोडलं की दिवाडीला जायला दोन फेरीबोटी आहेत: एक सांव पेद्रूहून, दुसरी जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर उतरलं की तिथून. तुम्ही सांव पेद्रूची धरा. डिसेंबरात जुन्या गोव्याचं वेगळंच गणित असतं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, 3 डिसेंबरला, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थना, आणि त्या दिवसांत चालत येणारे यात्रेकरू, बसगाड्या आणि जत्रेतले स्टॉल यांनी रस्ता भरलेला असतो. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर जाताना-येताना सांव पेद्रूच ठेवा.

फेरीबोटीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नवख्या सायकलवाल्यांची फजिती इथेच होते. बोट धक्क्याला लागते तो उतार खाऱ्या-गोड्या पाण्याने सतत ओला असतो, वर शेवाळ आणि गाळ. त्यावर सायकल चालवत चढू नका. उतरा, पुढच्या ब्रेकवर बोट ठेवा आणि लोखंडी फळीवर चाक आडवं न घालता सरळ घाला. फळी आणि काँक्रीट यांच्यामधल्या फटीत अरुंद टायर तिरपं गेलं तर अडकतं. आधी मोटारी आणि स्कूटर चढू द्या. आत गेल्यावर कठड्याच्या कडेला सायकल लावून हाताने धरून उभं राहायचं, स्टँडवर सोडायची नाही. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट असतील तर त्या लोखंडी पत्र्यावर पाय सटकतो. या फेरीला साधे बूट घाला. पलीकडे पोचायला मोजकी मिनिटं लागतात. दिवाडीच्या फेरीला पायी माणसाला आणि सायकलीला पैसे पडत नाहीत.

पलीकडे उतरलात की खाजण लागतं. खाजण म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवून लागवडीला आणलेली जमीन. बांधात जागोजागी मानस असते, एकदा थांबून ती जवळून बघा: दगडी चौकटीत वरून टांगलेल्या लाकडी फळ्या. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशा त्या आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात आणि ती धरण्याचा हक्क लिलावात जातो. खाजणात पिकतो तो कोरगुट भात, खारं सोसणारा. डिसेंबरात कापणी झालेली असते, खुंट असतात आणि बगळे. दिवाडीची गावकरी, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची पद्धत, ही पोर्तुगिजांच्या आधीपासूनची. बांध कोणी राखायचा, पाणी कधी सोडायचं हे गाव ठरवत आलं. समोर टेकडीवर पांढरी दिसते ती इगर्ज याच शेतीवर जगणाऱ्या गावाने पोसली. मोटारीतून आलात तर हा रस्ता चार मिनिटांत संपतो आणि यातलं काहीच दिसत नाही.

गावात शिरताना सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भेटेल. सायकलच्या कॅरिअरवर बांबूची मोठी पाटी, वर निळं प्लॅस्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. त्याच्याकडून पोळे नावाचे पाव घ्या, कोंड्याचे, आतून पोकळ, गरम असतील तर नुसतेच खाऊन होतात. बेटावर नाश्त्याची हॉटेलं शोधत बसू नका. पाणी पणजीहूनच भरून आणा.

आता चढ. टेकडी बुटकी आहे पण शेवटचा भाग चांगला तिखट आहे. हायब्रीडला मागे मोठी दातेरी चकती असतेच. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर पाडा, ऐन चढावर जोर देत गिअर बदलला की चेन उतरते. मुलीला सांगा, उतरून ढकललं तरी काही बिघडत नाही. परत उतरताना मात्र ब्रेक तपासूनच सुटा, वळणावर कुत्री झोपलेली असतात आणि ती उठत नाहीत.

वर पोचल्यावर लगेच आत जाऊ नका. सायकली भिंतीला टेकवू नका, चुन्याच्या गिलाव्यावर हँडलचा ओरखडा पडतो आणि तो गावाला पुढच्या रंगापर्यंत दिसत राहतो. समोरच्या खुरसाच्या, म्हणजे क्रूसाच्या, चौथऱ्याला तर नाहीच नाही, तिथे लोक मेणबत्त्या लावतात. झाडाखाली आडव्या ठेवा. मग पाठ इगर्जीकडे करून उभ्या राहा: खाली शेतं, त्यापलीकडे मांडवी, आणि नदीच्या पल्याड झाडीतून वर आलेले जुन्या गोव्याचे घुमट-मनोरे. एकेकाळी तिथे राजधानी होती, रोगराईने ओस पडत गेली. हे बेट मात्र वसलेलं राहिलं.

इगर्जीचं नाव नोस्सा सिन्योरा द पिएदाद. या बेटावर सोळाव्या शतकापासून चर्च आहे. आज दिसते ती वास्तू सतरावं शतक संपता-संपता आणि अठराव्याच्या सुरुवातीच्या काळात उभी राहिली. तिची रचना केली आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीने. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गोव्यातली चर्चेस म्हणजे पोर्तुगालहून आलेली वास्तू, असं आपण धरून चालतो. सतराव्या शतकाच्या शेवटी तिसवाडीत इथलेच पाद्री नकाशे करत होते, इथलेच गवंडी जांभा रचत होते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, हवेत राहिला की कडक होतो. पण त्याला भोकं असतात, पाणी पितो. म्हणून वर चुन्याचा जाड गिलावा आणि पावसाळ्यानंतरची सफेदी. समोरची नक्षी, खांब, कमानींवरची वळणं यातलं बरंचसं कोरीव दगड नसून गिलाव्यात काढलेलं काम आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते उठून दिसतं, बारा वाजता सगळं सपाट होतं. लवकर जा म्हणतो ते यासाठीही.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. समोर मुख्य आल्तार, म्हणजे वेदी, बाजूला पुल्पित, म्हणजे पाद्री जिथून प्रवचन देई तो भिंतीतून बाहेर आलेला लाकडी सज्जा. छताकडे आणि भिंतींच्या वरच्या भागाकडे बघा, गिलाव्यातली वेलबुट्टी इथे फार नाजूक आहे. जुन्या इगर्जींत पायाखाली थडग्यांच्या फरश्या असतात, अक्षरं झिजलेली. त्यांवरून चालणं चुकीचं नाही, पण त्यांवर बॅगा टाकून बसू नका. आणखी एक गोष्ट मुलीला दाखवा. काच महाग होती त्या काळात गोव्यात खिडक्यांच्या तावदानांना शिंपल्या लावत. चपट्या, गोल शिंपल्या घासून, चौकोनी कापून, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायच्या. उजेड आत येतो, ऊन येत नाही. जुन्या इगर्जींत आणि गावातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत अजून त्या बघायला मिळतात. एखादी निखळलेली असली की खाच स्पष्ट दिसते.

बाजूला जुनं दफनस्थान आहे आणि त्यात एक लहान कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. ते कदंबकालीन, म्हणजे गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळच्या, देवळाचा उरलेला भाग मानतात. दगडी कोरीव काम बघितलं की कुठल्याही मराठी माणसाला ते ओळखीचं वाटेल. दफनस्थान चालू वापरातलं आहे, फुलं ताजी असतात. फाटक बंद असेल तर ते उघडू नका, विचारा. कोणाच्या थडग्यापाशी माणसं असतील तर बाहेरूनच परत फिरा. तिथे फोटो मी तरी काढत नाही.

नियमांचं म्हणाल तर लिहिलेले थोडे आणि न लिहिलेले जास्त. सायकलिंगच्या तंग शॉर्ट्सवर आत जाऊ नये. पिशवीत पातळ पायजमा किंवा लुंगी ठेवा, बाहेर झाडामागे चढवा, झालं. खांदे झाकलेले हवेत. हेल्मेट, टोपी काढायची. मीस, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर शेवटच्या बाकावर गप्प बसा किंवा बाहेर थांबा. मध्येच उठून आल्तारापर्यंत फोटो काढायला जाणारे पर्यटक बघितले की मलाच लाज वाटते. मीस कोंकणीत असते, मराठी कानाला बरंच कळतं. गावातली इगर्ज म्हणजे संग्रहालय नव्हे, ती दिवसभर उघडी नसते. सकाळच्या मिसेच्या आगेमागे उघडी सापडण्याची शक्यता सर्वात जास्त, दुपारी बहुतेक कुलूप. बंद असेल तर सांक्रिस्तांवाला विचारा, म्हणजे इगर्जीची किल्ली, दिवाबत्ती बघणारा माणूस. तो जवळच कुठेतरी असतो. उघडून दिलं तर बाहेर पडताना पेटीत काहीतरी टाका. त्याच्या हातात नोट कोंबू नका.

आता दुसरा अर्धा भाग, जो माझ्या मते सोडू नये.

दिवाडी हे कदंबांच्या सप्तकोटेश्वराचं, म्हणजे शंकराचं, बेट. कदंब राजे आपल्या बिरुदातच सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद मिरवत. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्व्यात, त्यांचं देऊळ होतं. बहामनी स्वारीत ते मोडलं, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, आणि 1540 च्या सुमारास पोर्तुगीज राजवटीत तिसवाडीतली देवळं पाडली गेली त्यात तेही गेलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायच्या रहाटाला लावलं होतं, तिथून भक्तांनी रातोरात नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत नेलं, असं सांगतात. तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हता. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाच्या बांधकामाची आज्ञा दिली. दारावरच्या पट्टीवर शके 1590 चा शिलालेख आहे, त्यात "श्री शिवराज्ञा" वाचता येतं.

दिवाडीची इगर्ज बघणाऱ्याने हे टाळू नये असं मला वाटतं. आणि हे सांगताना आवाज चढवायचंही कारण नाही. बेटावर आज राहणारी माणसं त्याच गावकऱ्यांची वंशज आहेत, आणि इथले कितीतरी ख्रिस्ती लोक जुन्या तीर्थाची जागा स्वतःहून दाखवतात. या दोन बाजूंपैकी एकच धरून बेटावर आलं की अर्धी टेकडी दिसते.

इगर्जीकडून उतरून पूर्वेकडे चला. रस्ता सपाट, सावलीचा, मधूनमधून जुनी बाल्कावांची घरं. बाल्कांव म्हणजे दारासमोरचा बसायचा सोपा. दिवाडीच्या नार्व्यात कोटितीर्थाचे अवशेष आहेत, लोक पोरणे तीर्थ म्हणतात: जांभ्याच्या पायऱ्यांची तळी, काठाच्या भिंतीत ओळीने कोनाडे. पायऱ्यांवर जपून, त्या निसरड्या असतात. तिथून फेरीच्या धक्क्यावर. नकाशात एक घोळ होतो तो लक्षात ठेवा: नदीच्या दोन्ही काठांना नार्वेच आहे. फोनला नुसतं "नार्वे" सांगितलंत तर तो तुम्हाला कुठल्याही काठावर नेईल. तुम्हाला हवं ते पलीकडचं, डिचोली तालुक्यातलं.

या फेरीला जुन्या गोव्याच्या फेरीसारखी वर्दळ नसते. पलीकडे उतरतानाच बोटीवरच्या माणसाला परतीच्या वेळा विचारून घ्या, विशेषतः दुपारच्या. देऊळ धक्क्यापासून फार लांब नाही, रस्ता थोडा चढाचा आणि गर्द झाडीचा. देऊळ आटोपशीर आहे, गोव्याच्या पद्धतीचं, कौलारू मंडप, वर घुमटी, पुढे दीपस्तंभ. 2023 मध्ये राज्य सरकारने जीर्णोद्धार पुरा केला. आतलं लिंग धारालिंग आहे, म्हणजे गुळगुळीत नसून त्याला उभे पैलू आहेत. इगर्जीतली घुमटाकार कमान डोळ्यांत ताजी असताना इथल्या घुमटीकडे बघा. एकाच जांभ्यात, एकाच चुन्यात, एकाच प्रांतातल्या कारागिरांनी दोन्हीकडे काम केलं, आणि पुढच्या काळात गोव्यातल्या देवळांनी चर्चच्या कमानी-घुमट सरळ उचलले, हे पुस्तकात वाचून पटतं त्यापेक्षा एका सकाळीत दोन्ही बघून जास्त पटतं.

परतीचे दोन पर्याय. आलात तसेच बेटावरून मागे, हा सोपा. दुसरा म्हणजे मये करून रस्त्याने चोडणला आणि चोडणहून फेरीने रायबंदरला. हा लांब आहे, मधे चढउतार आहेत आणि खनिजाच्या भागातून जाणारे रस्ते काही ठिकाणी खराब. उन्हं चढली असतील तर मुलीला घेऊन या वाटेला जाऊ नका. अकरानंतर डिसेंबरातही ऊन लागतं, दमटपणामुळे पुण्यापेक्षा लवकर थकवा येतो.

सायकली आणायचं विचारलं नाहीत, पण आणणार असाल तर रेल्वेने पार्सल म्हणून मडगावला उतरवा. करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी लागून आहे, मोह होईल. पण लहान स्टेशनावर गाडी जरा थांबते न थांबते तोच निघते, पार्सलच्या डब्यातून तीन सायकली तेवढ्यात उतरवणं जिकिरीचं. पणजीत भाड्याने घेणार असाल तर आदल्या संध्याकाळी घ्या आणि एक चक्कर मारून बघा, सीटची उंची आणि ब्रेक सकाळी सहाला दुरुस्त होत नाहीत. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब आणि पंप तुमच्याबरोबर हवाच. बेटावर रविवारी दुकान उघडं सापडेल या भरवशावर राहू नका.

एक दिवस जास्तीचा मिळाला तर सांतानला जा, तळावलीची सेंट अ‍ॅनची इगर्ज. जुन्या गोव्याहून पिलारच्या रस्त्याने, करमळीच्या तळ्यावरून. 1681 ते 1695 मध्ये बांधलेली, तिचीही सुरुवात फ्रान्सिस्को दो रेगो या गोमंतकीय पाद्रीची. पाच मजली दर्शनी भाग आहे आणि तो एवढ्याशा गावात, शेताच्या कडेला. जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं चर्च कोसळून आता नुसता 46 मीटरचा मनोरा उरलाय ना, त्याचा दर्शनी भाग कसा असेल याचा अंदाज सांतानवरून येतो. इथलं फेस्त जुलैच्या अखेरीला, तवशाचं, म्हणजे काकडीचं, फेस्त. मूल हवं असलेली जोडपी सेंट अ‍ॅनला तवसं वाहतात आणि पोर्तुगीजमध्ये म्हणतात, तवसं घे, मूल दे. आदल्या वर्षी मागणं मागून गेलेले कडेवर बाळ घेऊन परत येतात. बाहेर तवशांचे ढीग लागलेले असतात, वाहिलेली तवशी पुन्हा विकली जातात. पावसाळ्यात कधी आलात तर ते चुकवू नका, पण तेव्हा जांभ्यावरचं शेवाळ लक्षात घेऊन टायरमधली हवा थोडी कमी ठेवा.

दोन्ही एका दिवसात मात्र करू नका. लोक यादी घेऊन येतात, सकाळपासून पाच चर्चेस करतात आणि संध्याकाळी फोटो बघून कुठलं कुठलं ते आठवत नाही. दिवाडीच्या इगर्जीपाशी निदान दीड तास ठेवा. आणि मुक्कामी परतल्यावर आंघोळीआधी चेनवर गोडं पाणी मारून, पुसून, तेलाचे थेंब सोडा. फेरीच्या धक्क्यावरचं खारं पाणी दुसऱ्या दिवशीच लाल गंज दाखवतं.